सुमनताईंचं बघणं

सुमनताई समोरच्या माणसाकडे सरळ बघत नसत. आमच्या कॅनडातल्या लंडनच्या गणेशोत्सवात पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा मान तिरकी करून माझ्या कानाकडे बघत बोलल्या. मला वाटलं, काय ही आढ्यता! तर त्याच म्हणाल्या, "रागावू नकोस गं. नजरेचा मधला भाग गेलाय माझा. कडेकडेनं दिसतं तेवढंच. तुझे डूल मात्र छान आहेत."

भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं आयुष्य हॉस्पिटलात गेलं. यजमान गेल्यावर त्या एकट्याच राहत. मिल्टन गावी राहणारी लेक शिल्पा, "माझ्याकडे ये," म्हणून मागे लागलेली. "अजून माझा चहा मी करते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. २०१७च्या उन्हाळ्यात मला म्हणाल्या, "दिसतंय तोवर ग्रीस बघू. तू चल, पाट्या वाचायला."

बेटावरचं आमचं हॉटेल घराएवढंच होतं. भिंती चित्रांनी भरलेल्या. सगळी मालकीणबाई कॅटेरिनाच्या दिवंगत नवऱ्यानं काढलेली. बाकीचे पाहुणे चित्रांतल्या समुद्राचे फोटो काढून पुढे जात. सुमनताई मात्र एकेका चित्रापुढे खुर्ची ओढून, मान वाकडी करून बसायच्या.

एकदा नाश्त्याला त्यांनी कॅटेरिनाला विचारलं, "सगळ्या चित्रांत अगदी कडेला निळ्या झग्यातली एक बाई आहे. कधी कपडे वाळत घालते, कधी मांजराला हाकलते. कोण ती?"

कॉफी ओतता ओतता कॅटेरिना थांबली.

"मी," ती म्हणाली. "आजवर कुणी विचारलं नव्हतं."

मग ती आमच्यापाशीच बसली. नवऱ्याच्या आजारपणाबद्दल बोलू लागली. "शेवटी त्याला भरवावं लागायचं. त्याला फार लाज वाटायची. मला मात्र ते दिवस हवे होते. पण तो मला सुखानं काही करू देईना."

सुमनताई तिचा हात हातात घेऊन बसून राहिल्या.

परतीच्या बोटीत मला म्हणाल्या, "शिल्पाला फोन लावून दे."

"आई, एव्हरीथिंग ओके?" शिल्पा घाबरली होती.

"ओके गं. घर विकायला काढू या. येते तुझ्याकडे."

पलीकडून रडणं ऐकू आलं. "रडतेस काय? आधी सांग, चहा बरा करतेस ना?" सुमनताई म्हणाल्या आणि स्वतःच डोळे पुसू लागल्या.

दोन हिवाळे त्या मिल्टनला राहिल्या. त्या गेल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा शिल्पा म्हणाली, "लास्ट फ्यू मंथ्स तिची वेणीसुद्धा मीच घालायचे. कुरकुर नाही, काही नाही. डोळे मिटून माझ्यावर रेलून बसायची."