भरीव आवाज

माझ्या मामाला गल्लीत सगळे ठोक्या म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कलिंगड असो, शेजाऱ्याचं दार असो, समोर आलेली वस्तू तो नखाने वाजवून बघायचाच. आमच्या नव्या कपाटाला त्याने आल्या आल्या ‘आतून पोकळ आहे’ असं प्रशस्तिपत्र दिलं. आई बरेच दिवस भावाशी धड बोलली नाही.

पोटासाठी तो पंखे दुरुस्त करायचा, पण जीव रमायचा स्पीकरच्या पेट्यांत. घराच्या मागच्या खोलीत तो प्लायच्या पेट्या जोडायचा आणि त्यांवर व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा कागदाएवढा पातळ पापुद्रा, चढवायचा. त्याच्या हातून निघालेली पेटी पाहून ती अखंड लाकडात कोरली आहे असंच कुणालाही वाटावं. स्वभावाने मात्र मुलखाचा भित्रा. कडी वाजली तरी दचकायचा. टपालाने आलेलं पाकीट मामी उघडायची आणि आधी स्वतः वाचून, वाईट काही नसलं तरच त्याच्या हातात द्यायची.

व्हिनियरच्या कामातही दोघं लागायची. पेटीला आणि पापुद्र्याला दोन्हीकडे सोल्युशन, म्हणजे उग्र वासाचा रबरी गोंद, फासायचं, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मग एकमेकांवर ठेवायचं. टेकलं की टेकलं. नंतर केसभर सरकवायची सोय नाही. म्हणून मध्ये एक मोठा कागद घालून मामा पापुद्रा नेमका जुळवायचा. मग मामी तो कागद हळूहळू ओढायची आणि मामा मागून रूळ दाबत जायचा. शेवटी नखाने सगळीकडे टकटक. पोकळ वाजलं तर तिथे खाली हवा राहिली. मग चीर द्या, गोंद सोडा, इस्त्री फिरवा. भरीव वाजलं की मामाचा चेहरा खुलायचा. “बसलं,” म्हणायचा.

त्या दिवशी मी तिथेच होते. मामी कागद ओढत होती आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता. ओठ दाताखाली घट्ट धरलेले. कागदाचं शेवटचं टोक बाहेर आलं, मामाचा रूळ कडेपर्यंत पोचला, आणि मामी स्टुलावर बसून खोकायला लागली ती थांबेचना. मामाने रूळ खाली ठेवला. काम अर्धं टाकून रूळ खाली ठेवलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

“कधीपासून आहे हे?”

“झाले थोडे दिवस. सोल्युशनच्या वासाने होतं.”

“जिना चढताना मध्येच बसून राहतेस, ते यामुळेच?”

मामीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, “तुम्हाला सांगितलं असतं तर खोकला मला आणि अंथरुणात तुम्ही.”

दवाखान्यात जाईपर्यंत मामाचा रुमाल पिळून काढण्याइतका ओला झाला होता. त्याने मलाही आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी मामीला पाठ करून बसवलं, डाव्या हाताचं बोट पाठीवर आडवं टेकवलं आणि उजव्या बोटाने त्यावर ठोकायला सुरुवात केली. मामाची मान आपोआप पुढे झाली. वरच्या बाजूला पोकळ वाजत होतं. प्रत्येक ठोक्यागणिक मामाचा रंग उडत गेला आणि माझं मनगट त्याच्या मुठीत आवळत गेलं. बोट उजव्या खवाट्याच्या हाडाखाली आलं आणि आवाज बदलला. घट्ट, भरीव.

मामाने माझं मनगट सोडलं. “बसलं,” तो पुटपुटला आणि माझ्याकडे बघून हसला.

बाईंचं बोट मात्र तिथेच थबकलं. त्यांनी तीच जागा पुन्हा वाजवली. मग दुसरी बाजू वाजवून पाहिली. हसणारा मामा आणि त्याच्यापलीकडे बाईंचा उतरलेला चेहरा, दोन्ही मला एकदम दिसले.

“फुप्फुसात हवा असते,” बाईंनी नंतर समजावलं. “तिथे पोकळच वाजायला हवं. भरीव वाजतंय तिथे पाणी झालंय.”

 मामाने भिंत धरली.

सुईने पाणी काढलं. मामीला मोकळा श्वास येऊ लागला. बाईंनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं, “पुन्हा भरलं नाही तर औषधावर भागेल. भरलं तर मात्र हे साधं दुखणं नाही. मोठ्या इस्पितळात जावं लागेल, आणि मग मी शब्द देऊ शकत नाही.”

त्यानंतर मामाने ठोकणं सोडलं. पेटीची एक बाजू उघड्या प्लायचीच राहिली. कलिंगड न वाजवता आणलं, ते पांढरं निघालं. घरात भांडं टेबलावर जोरात ठेवलं तरी तो कानांवर हात न्यायचा. मी जायचे तेव्हा मलाही त्या घराची भीती वाटायची. सगळे मामीच्या श्वासाकडे कान लावून बसलेले आणि कुणी तसं दाखवायचं नाही.

शेवटी मामीनेच विषय काढला. “एकदा वाजवून बघा की. मला आतलं काही कळत नाही. तुम्हाला ऐकू येतं.”

“मी काय डॉक्टर आहे?”

“कलिंगडांचे तरी डॉक्टर कुठे होतात तुम्ही?”

तो हसला नाही. आज नको, उद्या बघू, असं करत त्याने बरेच दिवस ढकलले. एका दुपारी मी तिथे असताना ती सरळ मागच्या खोलीत गेली आणि त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसली. मामाने हात धुतले, पुसले, ऊब यावी म्हणून एकमेकांवर चोळले. डावं बोट टेकवलं. वरून खाली तो एकेक जागा वाजवत आला.

माझ्या कानाला सगळे ठोके सारखेच होते. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. ते खवाट्याखाली आलं, थांबलं, बोटभर वर गेलं, पुन्हा खाली आलं. तिथे त्याने हलकेच वाजवलं. मग जरा जोरात. मग पुन्हा हलकेच. त्याचे डोळे मिटलेले होते.

त्याने मामीचे कपडे नीट केले आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“पोकळ आहे,” तो म्हणाला. “वरपासून खालपर्यंत.”

मामी वळली नाही. समोरच्या भिंतीकडे बघतच तिने विचारलं, “मग एवढा वेळ एकाच जागी का वाजवत होतात?”