आभासाचे आमचे नियम

कॅनडाला निघायच्या दिवशी आई माझ्याशी बोललीच नाही, ती बॅगेशी बोलत होती. "आता गप ऱ्हा, किती भरू तुला?" असं म्हणत तिनं सुक्या जवळ्याची पुडी स्वेटरच्या घडीत सारली. १९९४चा ऑगस्ट. कोपरच्या आमच्या घरात मामा, काकू, शेजारचे, सगळे उभ्याउभ्याच चहा पीत होते. वजन जास्त भरलं म्हणून बाबा बॅगेतली पुस्तकं बाहेर काढत होते. एक जाड फुलस्केप वही त्यांच्या हाताला लागली, ती मात्र त्यांनी न विचारता परत आत ठेवली. "ही ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

त्या वहीत माझ्या शिक्षणाचं काही नव्हतं. एका खेळातल्या मायावी माणसाला काय करता येतं आणि काय नाही, याचे नियम होते. गावातल्या तुमच्यापैकी जे तिथेच राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्या दोघांनाही हे सांगायचं राहून गेलंय.

१९८७ साली मी ठाण्याला कॉलेजात जायला लागले. वर्गात माझ्या बाकावर अनघा बसायची. तिचे वडील डॉक्टर, नौपाड्यात घर आणि घराखालीच दवाखाना. तिचा मोठा भाऊ शिरीष याला त्यांच्या बोटीवरच्या काकांनी एक इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फाशांची डबी आणून दिलेली. रविवारी दुपारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा पेशंटच्या बाकांवर बसून आम्ही तो खेळ खेळायचो. पट नाही, सोंगट्या नाहीत. शिरीष गोष्ट सांगायचा, आम्ही प्रत्येकी त्यातलं एक पात्र व्हायचो आणि "मी आता असं असं करते" म्हणायचो. जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. आणखी दोघं-तिघं यायची-जायची, पण आम्ही तिघं पक्के. अनघा तलवारवाली झाली. मी मायावी झाले, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं.

मायावी म्हणजे जे नाही ते दाखवणारा. पुस्तकात त्याच्यावर जेमतेम अर्धं पान होतं आणि त्यातही एक ओळ दुसरीशी जुळत नव्हती. खोट्या भिंतीला कुणी हात लावला तर काय? खोटा बाण लागला तर रक्त येतं का? समोरच्याला संशय यायला काही कारण लागतं, की त्यानं नुसतं "माझा विश्वास नाही" म्हणून फासा टाकला तरी चालतं?

एका रविवारी दरोडेखोर आमच्या मागे लागले. मी म्हटलं, "मी आग दाखवते."

"कसली आग?" शिरीषनं विचारलं.

"मोठी."

दरोडेखोरांसाठी शिरीषनं टाकलेला फासा चांगला पडला. ते त्या आगीतून सरळ चालत आले आणि अनघाची सहा महिने जपलेली तलवारवाली मेली. अनघानं त्या पात्राची माहिती लिहिलेला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि वर घरात निघून गेली. त्यानंतर दोन आठवडे ती बाकावर माझ्या शेजारी बसायची, पण बोलायची नाही.

तिसऱ्या रविवारी ती स्वतःच कोरी वही घेऊन खाली आली. "आधी नियम ठरवू," म्हणाली. "मग मरायचं तर नियमानं मरू."

त्या नियमांवर आम्ही महिनोन् महिने भांडलो. हात लावला की आभास कळणार, हे लगेच ठरलं. आभास घाबरवेल पण जखम करणार नाही, हेही ठरलं. मग अनघा म्हणाली, खोट्या पुलावर कुणी खरंच पाय टाकला तर? त्याचं पडणं खरं, असं शिरीषचं मत पडलं. सगळ्यात जास्त वाद त्याच्या एका अटीवरून झाला. मायावीनं जे स्वतः पाहिलंय तेच त्याला दाखवता येईल, आणि खेळणाऱ्यानं ते नीट वर्णन करून सांगायचं. वर्णनात खोट निघाली तरच समोरच्यानं फासा टाकायचा, नाहीतर त्याला विश्वास ठेवावाच लागेल.

मला ही अट नको होती. मी पाहिलेलं होतं तरी काय? त्या दोघांना मी बाबा सरकारी नोकरीत आहेत असं सांगितलेलं. खरं तर ते मिठागरावर मुकादम होते, आजोबाही तिथेच. नौपाड्याच्या त्या घरात कुणी माझ्या बोलण्यावरून गाव ओळखेल म्हणून मी शब्द तोलून बोलायचे. घरी कधीच कुणाला बोलावलं नव्हतं.

पुढे एका खेळात सपाट मैदानावर शत्रूची फौज आमच्या दिशेनं येत होती. दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, "मी भरती दाखवते."

"सांग," शिरीष म्हणाला.

मी सांगायला लागले. उघाडी, म्हणजे खाडीच्या बांधातलं दार, उघडलं की पाण्याचा आवाज होत नाही. आधी खेकडे पळतात. मग चिखलाचा वास बदलतो, तो नाकात नाही, घशात लागतो. मग पायाखालची माती मऊ होते आणि आपण उभे असतो तिथेच खचतो. पाणी दिसतं ते त्याच्यानंतर.

शिरीषच्या हातात फासा होता. त्यानं तो खाली ठेवला. "फौज मागे पळाली," म्हणाला.

"कुठे पाहिलंस हे?" अनघानं विचारलं.

"मिठागरावर. माझे बाबा तिथे मुकादम आहेत."

"मग इतके दिवस का नाही सांगितलंस?"

मी बाकावरचे फासे डबीत भरायला लागले. तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. "पुढच्या रविवारी तुझ्याकडे खेळू," एवढंच म्हणाली.

ते दोघं कोपरला आले. आईनं चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. जेवणं झाल्यावर बाबा दारात आणि आई चुलीपाशी बसून आमचा खेळ ऐकत होते. शिरीषनं त्यांना भरतीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली.

"पानी तसं सरळ नाय येत, पोरा. पहिलं कोपऱ्यान शिरतं. बांध जिथं कच्चा, तिथं."

शिरीषनं वही उघडून ते लिहून घेतलं. त्यानंतर पाणी, वारा, चिखल असं काही आलं की तो बाबांना विचारून घ्यायचा, आणि बाबाही डॉक्टरच्या मुलाला आपण शिकवतोय या थाटात सांगायचे. नौपाड्याच्या घरात माझं बोलणं मोकळं झालं ते तेव्हापासून.

आणि तरीही, कॅनडात सास्काटूनला शिकायला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी पुन्हा तेच केलं. माती आणि क्षार हा माझा विषय. सकाळी अंधारात प्रयोगशाळेत जायचं, संध्याकाळी अंधारातच खोलीवर यायचं, मध्ये कुणाशी चार वाक्यं बोलले तर बोलले. घरी मात्र पत्रं लिहायचे की मजेत आहे, खूप मैत्रिणी झाल्यात, बर्फ फार सुंदर दिसतो. आई ती पत्रं शेजाऱ्यांना वाचून दाखवायची. अनघालाही मी तसंच लिहिलं. तिचं उत्तर तीन ओळींचं आलं.

"वासंती, तुझ्या मैत्रिणींना नावं नाहीत. तुझ्या बर्फाला वास नाही, आवाज नाही. मी फासा टाकलाय, माझा विश्वास बसलेला नाही."

मी ते पत्र हातात धरून खूप रडले. मग त्याच शनिवारी वाचनालयात गेले. तिथल्या फळ्यावर अशाच खेळाची एक चिठ्ठी लावलेली मी येताजाता पाहिलेली होती. कॅरल नावाची शाळेतली शिक्षिका घराच्या तळघरात तो खेळ घ्यायची. मी जाऊन बसले, पुन्हा मायावी झाले. त्यांच्याकडे प्रत्येक आभासाला सरळ फासा पडायचा, वर्णन कुणी मागायचं नाही. तिसऱ्या शनिवारी मी धीर करून आमची पद्धत सांगितली. मोडक्या इंग्रजीत, वही समोर धरून. कॅरल म्हणाली, करून बघू.

त्या दिवशी त्यांच्यातली ओल्गा मायावी झाली. तिचे आजोबा युक्रेनहून येऊन इथे शेतकरी झालेले; लहानपणी त्यांच्या शेतावर पाहिलेलं बर्फाचं पांढरं वादळ तिनं दाखवलं. घर आणि गोठा यांच्यात दोरी बांधलेली असते, ती सोडली की माणूस स्वतःच्या अंगणात हरवतो, असं तिनं सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी कुणीही फासा उचलला नाही. मी मनात म्हटलं, हा बर्फ मला आजवर दिसलाच नव्हता. पुढचे कितीतरी शनिवार मी त्या लोकांची गावं अशीच ऐकली आणि मग ती माझ्याही पायाखालची वाटायला लागली. अनघाला पत्र लिहिलं तेव्हा त्यात चार नावं होती आणि ओल्गाच्या आजीचा स्वभावसुद्धा.

नोकरी तिथेच लागली. १९९८मध्ये महिनाभर कोपरला आलेले. निघायच्या चार दिवस आधी काकूनं विचारलं, "कवा निघतेस गो?" मी भाजी निवडत होते. "मंगळवारी घरी पोचेन," म्हणाले.

घरी. शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. आईनं ऐकलेलं. मला वाटलं मी तिला दुखावलं. तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली, पाट ओढून माझ्याजवळ बसली.

"तुझी मोरी खिडकीजवळ हाय का?" तिनं विचारलं. "भांडी घासताना काय दिसतं?"

मी सांगितलं, समोर एक म्हातारा राहतो. स्वतःच्या दारापुढचा बर्फ काढताना माझ्याही दारापुढचा काढतो, आणि मी खिडकीतून हात केला की फावडं उंच धरतो.

"बरं," आई म्हणाली. "आणि मागच्या दारानं काय दिसतं?"