दचकलेले शिपाई

आजवर कुणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. मिलिंदच्या शेवटच्या शिपायांचे डोळे त्याने रंगवलेले नाहीत. ते मी रंगवले, त्याला न सांगता, आणि त्याने विचारलं तेव्हा खोटं बोललो. त्याला जाऊन काही आठवडे झाले. हे आत ठेवून वावरायचा आता कंटाळा आला आहे.

शिपाई म्हणजे बोटाच्या पेराएवढे, प्लॅस्टिकचे, दूरच्या कुठल्याशा ग्रहावर लढणारे. अंगात चिलखत, एखाद्याचा हात यंत्राचा. पुठ्ठ्याच्या डोंगरांमधून ते टेपने मोजून पुढे सरकवायचे, फासे टाकायचे, अशी ती लढाई. पण मिलिंदला लढाईपेक्षा रंगवण्यातच रस. कात्रजच्या त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत आम्ही दर रविवारी सकाळी बसायचो. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंगाचे थेंब... आतून अंजलीवहिनींचा आवाज यायचा, "अहो, मंगळ जिंकून झाला असेल तर खाली जाऊन भाजी आणता का?" "मंगळ नाही, त्याच्या बराच पुढे," मिलिंद म्हणायचा. "मग येताना कोथिंबीरही आणा."

कॉलेजात असताना त्याने गणपतीच्या कारखान्यात काम केलं होतं. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, ही तिथली रीत त्याने इथेही पाळली. "डोळे आले की तो आपल्याकडे बघायला लागतो. मग चूक करायची सोय नाही." बुबुळ म्हणून तो ठिपका कधी देत नसे, वरून खाली एक बारीक उभी रेघ ओढायचा. ठिपक्याने शिपाई दचकल्यासारखा दिसतो, हे त्याचं म्हणणं. रंगवून झालेले शिपाई व्हार्निशसाठी माझ्या घरी यायचे, कारण तो वास वहिनींना सोसत नसे.

गेल्या वर्षी त्या रेघा वाकड्या यायला लागल्या. एका रविवारी ब्रश खाली ठेवून तो म्हणाला, "बास. हे बंद करू आता." मी घाबरलो. त्याच्यासाठी नाही... खरं सांगायचं तर स्वतःसाठी. घटस्फोटानंतर मला रविवारी जायला दुसरं घर नव्हतं. त्या खेपेचे शिपाई घरी नेले आणि व्हार्निशच्या आधी त्यांचे डोळे दुरुस्त केले. मला रेघ जमत नाही. मी ठिपके दिले.

पुढच्या रविवारी तो भिंगातून बराच वेळ बघत राहिला. "हे मी काढलेत?"

"मग काय मी? व्हार्निश वाळलं की बरे दिसतात."

"दचकलेत रे सगळे."

"तुला बघून दचकले असतील."

तो हसला. वहिनी चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. हाताला कंप सुटलाय, डॉक्टरांना दाखवा, म्हणून त्या कधीच्या त्याच्या मागे लागल्या होत्या. त्याने एक शिपाई त्यांच्यापुढे धरला. "हात बिघडलेल्या माणसाला हे जमेल?" त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही सांगा. ह्यांचं काही खरं नाही."

मी म्हटलं, "हात ठीक आहे, वहिनी."

डॉक्टरांकडे जाणं दिवाळीनंतरवर गेलं. मग मेंदूतली गाठ निघाली. "थोडं आधी आला असतात तर..." एवढं म्हणून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. ते मी रोज पुरं करतो.

तेराव्यानंतर वहिनींनी एक शिपाई माझ्या हातात ठेवला. सगळा रंगलेला, डोळे तेवढे कोरे. "हा तुम्हीच पूर्ण करा, भाऊजी. त्यांचा हात तुमच्याइतका कोणाला माहीत?" तो माझ्या टेबलावर आहे. रविवारी सकाळी मी झाकणात स्पंज भिजवतो, बटर पेपर पसरतो, आणि नुसता बसून राहतो. तो अजून माझ्याकडे बघत नाही.

वहिनी ही पुरवणी न चुकता वाचतात. त्यांना हे छापलेलं वाचून कळू नये. हे छापून येण्याच्या आत कात्रजला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, मिलिंदचा हात ठीक नव्हता आणि मला ते माहीत होतं, हे मला सांगायचं आहे. तेवढं माझ्याकडून राहिलं आहे.