लेकीचे पैंजण

कोराडीच्या कॉलनीत कोळशाच्या धुरानं चांदी आठवड्याभरात काळी पडायची. गिरजाबाई दर रविवारी रिठ्याच्या पाण्यात लेकीचे पैंजण घासत बसायची. कुंदा ते माहेरीच ठेवून भिलाईला नांदायला गेली होती. सासरच्यांना म्हणे सुनेची छुमछुम खपत नव्हती. एवढे नाजूक कान मेल्यांचे!

महाल भागातला सोनार एकदा म्हणाला, "बाई, डब्यात काहून ठेवता? अंगावर राहिली तर चांदी काळी नाही पडत."

घरी येऊन गिरजाबाईनं पैंजण स्वतःच्याच पायात अडकवले आणि चहा ठेवायला स्वयंपाकघराकडे निघाली. चार पावलांत ओळखीची छुमछुम कानावर आली.

"आली का वं, कुंदे?" म्हणत ती गर्रकन मागं वळली. छुमछुमही तिच्यासोबत वळली आणि थांबली.