मालगाडीचा पोळा

ओझं वाहणाऱ्याची आमच्या साडूंइतकी कदर करणारा माणूस उभ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, हे मी कुठल्याही देवळात उभं राहून सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाचणगावच्या अंगाला, रेल्वेच्या रुळांना लागून त्यांचं तीन एकर वावर आहे. त्यात वांगी, पालक आणि ज्याला बाकीचा महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो तो आमचा सांभार. पुलगावच्या बाजारात हमालानं यांचं पोतं उचललं, की हे त्याच्या मागं मागं चालत "सांभाळून बावा, सांभाळून" करत जाणार. एकदा तर त्याला मदत करायला म्हणून मध्येच हात घातला आणि हमाल, पोतं आणि साडू असे तिघंही रस्त्यावर आले. वांगी चहूकडे पळत होती आणि हे पडल्यापडल्या हमालाला विचारत होते, "तुले लागलं तं नाई ना?" हमालानं जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी पडलो शाळामास्तर. उभा जन्म पोरांना शिस्त लावण्यात गेला. भिंतीवर कोळशानं नाव लिहिणारं कार्टं दिसलं की आजही माझा हात शिवशिवतो. तेव्हा साडूंचं आणि माझं गोत्र जुळण्याचं काहीच कारण नव्हतं. पण सासुरवाडीला दोघांचे पाट शेजारी शेजारी पडायचे, आणि माझ्या ताटातली दुसरी पुरणपोळी ते न विचारता उचलायचे. एवढ्यावर माणसं जन्मभर जवळची होतात.

पोळ्याच्या दिवशी मात्र साडू म्हणजे राजा. गावातले निम्मे बैल त्यांच्या हातचे सजायचे. गेरू कालवायचा, चुना कालवायचा, आणि बैलाच्या पाठीवर असे काही पंजे नि ठिपके उमटवायचे, की बैलालाही आपण कोणीतरी आहोत असं वाटावं. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात. साडू तेवढ्यावर थांबायचे नाहीत. विहिरीवरची मोटर, बायकोचा मिक्सर, सगळ्यांना हळदीचं बोट. एका वर्षी मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी घाईनं स्कूटर काढली, शाळेत पोचलो, तर पोरं तोंडाला रुमाल लावून हसताहेत. स्कूटरच्या मुठींना भरपूर हळद-लोणी! माझे हात पिवळे, शर्ट पिवळा, नाक खाजवलं होतं म्हणून नाकही पिवळं. संध्याकाळी जाब विचारला, तर म्हणतात कसे, "तुमाले रोज वाहून नेते ना मास्तर, तिचा एक दिवस नको काय?"

मग त्यांची बैलजोडी म्हातारी होऊन गेली. पोरानं ट्रॅक्टर आणला. गावातले बैलही बोटांवर मोजण्याइतके उरले. त्या वर्षी पोळ्याला यांनी सवयीनं गेरू कालवला आणि बादली घेऊन वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे रुळांकडच्या बांधावर, जाऊन बसले. समोर सिग्नल न मिळाल्यामुळं एक मालगाडी उभी होती. तास झाला, दोन तास झाले, गाडी हलेना. यांनी उठून हातभर अंतरावरून डब्याकडे पाहिलं, पंजा गेरूत बुडवला आणि उमटवला.

मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "अहो, ती सरकारी गाडी आहे! रंगवायला काय तुमच्या गोठ्यातली आहे?"

"सरकारची हाय म्हनून तिले कोनी नाई काय मग? कोळसा वाह्यते, सिमेट वाह्यते, आन् आपल्या धुऱ्यावर येऊन उभी राह्यली. पोळ्याच्या दिवशी धुऱ्यावर आलेल्याले तसंच पाठवाचं?"

पण खरं सांगतो, त्यांचे नियम माझ्या शाळेतल्या नियमांपेक्षा कडक होते. वर्षातून एकच दिवस. गाडी उभी असेल तरच, आणि तीही आपल्या बाजूनं. डब्यावर चढायचं नाही. तैलरंग नाही, पहिल्या दोन पावसांत निघून जाईल असा गेरू नि चुना. डब्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना आणि आकड्यांना धक्का लावायचा नाही, "थे तिचं नाव हाय." आणि स्वतःचं नाव तर मुळीच नाही. एकदा आम्ही सगळे गिरडला, टेकडीवरच्या दर्ग्याला गेलो होतो. टेकडीच्या वाटेवर एक तरणाबांड गडी दगडावर लाल रंगानं स्वतःचं नि कोण्या पोरीचं नाव लिहीत होता. मी तोंड उघडायच्या आत साडू त्याच्यापुढे उकिडवे बसले. "काऊन लिवून राह्यला? थ्या दगडानं मांगतलं होतं काय तुयं नाव?" गड्यानं ब्रश लपवला. मी मनात म्हटलं, बघा, मालगाडी रंगवणारा दुसऱ्याला शहाणपण शिकवतोय. तेव्हा मला त्या दोन गोष्टींतला फरक दिसला नाही, किंवा मी पाहिला नाही.

असे तीन पोळे गेले; नंतरचे दोन मीही धुऱ्यावरून पाहिले. चौथ्याला कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि तो फिरत फिरत रेल्वे पोलिसांकडे पोचला. जवळ दारूगोळ्याचा डेपो, आणि मालगाडीवर अनोळखी ठिपके! दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साडू चौकीत बसले होते, आणि शिकलेला माणूस म्हणून मला बोलावणं आलं. साहेब तरणे होते, समजूतदार होते, पण कामाला पक्के. फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ही खूण कसली? हे पाचच का?"

साडूंनी आपला हात पुढे केला. "पाचच बोटं हायेत सायेब."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. संशय फिटला होता. आता राहिला होता फक्त कागद. 'मी रेल्वेच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण केलं' एवढं लिहून सही केली, की समज देऊन सोडणार होते. साडूंनी मला विचारलं, "म्हंजे काय वो?" मी म्हटलं, "खराब केली." झालं! यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"सजवली म्हनून लिवा, धा डाव सही करतो. खराब केली असं मी नाई लिवून देत."

"काका, मग केस कोर्टात जाईल."

"जाऊ द्या. तिथंबी हेच सांगतो."

बारा वाजले, दोन वाजले. मेहुणीबाई डबा घेऊन आल्या, हकीकत ऐकून भडकल्या. "करा ना वो सही! कोन वाचून राह्यलं थे?"

"मी वाचून राह्यलो ना," साडू म्हणाले. डब्याला त्यांनी हात लावला नाही. एरवी माझ्या ताटातली पोळी पळवणारा हा माणूस एका शब्दासाठी उपाशी बसला होता. मला राग येत होता, लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटत होता. चार वाजता साहेबांनीच हात टेकले. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "गुरुजी, जे केलं ते तुम्हीच तुमच्या शब्दांत लिहा, आणि सोडवा मला."

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझ्या शेताजवळ उभ्या असलेल्या मालगाडीच्या डब्यावर मी पोळ्यानिमित्त गेरू व चुन्यानं सजावट केली.' साहेबांनी मान डोलावली आणि शिक्का घ्यायला हात लांबवला. पण पोरांकडून माफीनामे लिहून घेतलेला माझा हात! तो थांबला नाही. खाली मी आणखी एक ओळ लिहिली, 'यापुढे असे करणार नाही.' साडूंनी कागद वाचला, दुसऱ्या ओळीवर जरा थांबले, आणि मुकाट सही केली. घरी येताना मी स्वतःवर खूश होतो. कसं निभावलं, म्हणून!

यंदाच्या पोळ्याला मी मुद्दाम गेलो. गेरूची बादली खुंटीला कोरडी टांगलेली. वावरात गेलो तर समोर मालगाडी उभी, आणि साडू धुऱ्यावर हात मागं बांधून तिच्याकडे पाहत बसलेले. मी शेजारी बसलो. वर्षभर मनात राहिलेलं शेवटी बोललो.

"साडू, ती दुसरी ओळ साहेबांनी मागितली नव्हती. मी आपल्या मनानं घातली."

"मले मालूम हाय. सायेबानं तं पयल्याच ओळीवर शिक्क्याले हात घातला होता."

"मग सही कशाला केलीत? सकाळपासून एका शब्दासाठी भांडलात, आणि ही अख्खी ओळ…"

"थो शब्द सायेबाचा होता, त्याच्यासंग भांडता येते. हे तुमी लिवलं ना, मास्तर. मले वाटलं, तुमालेबी थे खराबच दिसत असन."

"नाही हो," मी म्हणालो. "छान दिसायची. फार छान दिसायची." चार पोळ्यांत हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. सिग्नल मिळाला, डब्यांना हिसका बसला, आणि कोळशाचे काळे डबे एकामागून एक आमच्यासमोरून जायला लागले. मी म्हटलं, फाडून टाकायला लावू तो कागद, मी साहेबांशी बोलतो. त्यांनी मान हलवली. "सही माही हाय," म्हणाले. शेवटचा डबा जाईपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो.