बॉम्ब पथकातला अर्धा कप

आम्हा बॉम्ब शोधक पथकातल्या लोकांकडे किस्से फार साठतात. कारण साधं आहे. बहुतेक पिशव्यांत बॉम्ब नसतोच, आणि ज्या पिशवीत तो नसतो तिचा किस्सा होतो. ज्या पिशवीत असतो, तिच्याबद्दल आम्ही फारसं बोलत नाही.

निवृत्त झाल्यापासून आमची जुनी मंडळी रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या एका अमृततुल्यात जमते. चहा यायच्या आत कुणीतरी सुरू करतो, "अरे, ती पिशवी आठवते का?" मग घरून फोन येईपर्यंत कुणी उठत नाही.

चहावरून आठवलं. आमच्यात एक रीत होती. संशयास्पद वस्तूपाशी एकच माणूस जातो, बाकीचे दोराच्या अलीकडे थांबतात. जो जाणार, त्याने हातातला चहा अर्धाच प्यायचा आणि उरलेला जोडीदाराकडे द्यायचा. तो परत येईपर्यंत जोडीदाराने कप खाली ठेवायचा नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण साहेबांनीही ते कधी मोडलं नाही.

माझा जोडीदार जगताप. वाघोलीचा, शेतकऱ्याच्या घरातला. बॉम्बला न भिणारा हा गडी बायकोला मात्र भ्यायचा. वहिनींचा सख्खा भाऊ फौजेत होता, सीमेवर सुरुंगावर पाय पडून गेला. त्यामुळे पथकात बदली झाल्यावर जगतापने घरी सांगून टाकलं की आपण पोलिसांच्या कुत्र्यांचं खाणंपिणं बघतो. आम्हा सगळ्यांना त्याने शपथ घातली होती. "तिला कळलं तर ती अन्न सोडील, नायतर मला नोकरी सोडावी लागंल," म्हणायचा.

वहिनींचा फोन आला की आम्ही सांगायचो, जगताप राजाला आंघोळ घालतोय. राजा म्हणजे आमचा लॅब्राडोर. एवढ्या आंघोळी पुण्यात दुसऱ्या कुणाच्या झाल्या नसतील!

वहिनी भोळ्या. रोज नवऱ्याच्या डब्याबरोबर कुत्र्यांसाठी वेगळा डबा द्यायच्या. भाकरी, पिठलं, वर ठेचा. कुत्र्यांचं जेवण सरकारी, ठरलेलं, त्यांना बाहेरचं चालत नाही. तो डबा आम्ही चाटूनपुसून खायचो आणि "कुत्र्यांना फार आवडलं" असा निरोप पाठवायचो.

* * *

एकदा पेठेतल्या एका घराच्या पायरीवर बेवारस पिशवी सापडली. आम्ही गल्ली रिकामी केली, पण त्याच घरातले एक आजोबा आरामखुर्चीतून हलेनात. मी हात जोडले, जिवाला धोका आहे म्हणालो.

"आधी आत बॉम्ब आहे हे सिद्ध करा," आजोबा म्हणाले, "मग उठतो."

पिशवीत ओला पंचा आणि दोन कारली निघाली. आजोबांनी खिडकीतून विचारलं, "एवढ्यासाठी माझी झोप मोडलीत?"

* * *

राजाला स्फोटकांचा वास आला की तो भुंकत नसे, शांतपणे खाली बसत असे. गणपतीच्या दिवसांत एका मंडपात तपासणीला नेला, तर हा थेट मूर्तीसमोर बसला. मंडप क्षणात रिकामा! कार्यकर्ते म्हणाले, भाविक आहे हो कुत्रा, नमस्काराला बसलाय. आम्ही स्टेजखालचा पडदा उचलला, तर विसर्जनासाठी दडवलेले फटाके, पोत्यांत भरलेले. वर दिव्यांच्या माळा, खाली दारू!

दुसऱ्या दिवशी मंडळाने राजाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. राजाने आधी नारळ हुंगून घेतला, मगच शेपूट हलवली.

* * *

एकदा आम्हाला शिकवायला एक तरुण अधिकारी आले होते. देशांतर्गत दहशतवाद आणि आंतरराष्ट्रीय दहशतवाद यांतला फरक त्यांनी पडद्यावर बाण काढकाढून समजावला. शेवटी विचारलं, कुणाला काही शंका?

जगताप उठला. "सायेब, पिशवी इथल्यानं ठेवली का भाईरच्यानं, ते तिच्याजवळ गेल्यावर कसं वळखायचं?"

साहेबांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "ओळखू नका. सगळ्यांनी परत या." ते साहेब आम्हाला तेव्हापासून आवडायला लागले.

* * *

एका आयटी कंपनीत मॉक ड्रिल होतं. आम्ही लॉबीत नकली बॉम्बची बॅग ठेवली आणि लांब उभे राहिलो. शेकडो पोरं मोबाइलमध्ये बघत बॅगेला वळसा घालून गेली. एकाने तर तिच्यावर कॉफीचा मग ठेवला. शेवटी वॉचमन ती बॅग उचलून धावत आमच्या गाडीपाशी आला. "सर, तुमची बॅग राहिली." कंपनीने त्याला प्रामाणिकपणाचं बक्षीस दिलं.

* * *

एका संध्याकाळी मात्र स्फोट खरा होता. आम्ही पोहोचलो तेव्हा शोधायला काही उरलं नव्हतं. रस्त्यावर चपला पडल्या होत्या, एकेका पायाच्या. त्यानंतर पिशवी खोटी निघाली की लोक वैतागायचे, आम्हाला मात्र देवापुढे नारळ फोडावासा वाटायचा.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांत वाघोलीच्या भाजी बाजाराजवळून फोन आला. बाकावर बेवारस पिशवी, आत कुकर. कुकर म्हटलं की आम्ही दोर आणखी लांब बांधतो. पाळी जगतापची होती. त्याने सूट चढवला, चहाचा कप माझ्याकडे दिला आणि हेल्मेट घालून निघाला.

मी मागे वळून बघतो तर दोराला टेकून वहिनी. हातात भाजीची पिशवी. नवऱ्याची चाल त्या जाड सुटातूनही त्यांनी ओळखली होती.

त्यांनी फक्त विचारलं, "कप कुणाचा?"

"जगतापचा. परत येऊन पितो तो."

त्यांनी पिशवी खाली ठेवली, कप माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. लांबवर जगताप बाकापाशी गुडघ्यावर बसला होता. वहिनींच्या हातातला चहा हलला नाही.

कुकरात शिजलेली डाळ निघाली. कुणीतरी दवाखान्यात डबा न्यायला निघालं होतं आणि विसरलं होतं.

जगताप परत आला, हेल्मेट काढलं आणि समोर बायको बघून पांढराफटक पडला. वहिनींनी कप पुढे केला.

"निवलाय. घ्या."

त्याने मान खाली घालून एका घोटात चहा संपवला. वहिनींनी रिकामा कप माझ्याकडे दिला, भाजीची पिशवी उचलली आणि जाताजाता मला विचारलं,

"भावजी, कुत्र्यांना कालचा ठेचा लई तिखट नाय ना लागला?"