आक्का आणि माझा डावा हात

गोधडीवरून तळहात फिरवायचा, डोळे मिटायचे आणि एका जागी थांबून विचारायचं, "हा कोणाचा हात?" ही आक्कांची सवय. उत्तर त्यांना आधीच माहीत असायचं. "ही घाईत होती. घरी पाहुणे आलेत हिच्या." आणि ते खरं निघायचं. "हिचा टाका आज सैल पडला. नवऱ्याशी धरलेला अबोला सुटला वाटतं." मग सगळ्या खो खो हसायच्या आणि जिचा हात असेल ती पदर तोंडाला लावायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुणी कोबीचा गड्डा हातात घेऊन वजन सांगतं, कुणी जिन्यातल्या पावलांवरून माणूस ओळखतं. आमच्या आक्का टाक्यावरून ओळखायच्या. तरुणपणी त्यांनी घरच्या मळ्यातली शेवंती ओवून बाजारात नेलेली. म्हणायच्या, "बोटांना डोळे तेव्हाच फुटले गं."

मी भंडाऱ्याकडची. सातवीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती. आठवीचं अर्धं वर्ष कसंबसं गेलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर ह्यांना नाशकात अंबडच्या एका कारखान्यात काम लागलं आणि आम्ही सिडकोत एका खोलीत राहायला आलो. हे सकाळी सातला जायचे. मग दिवसभर मी आणि भिंतीवरचं घड्याळ. दूधवाल्याशी दोन वाक्यं झाली तरी दिवस बरा गेला असं वाटायचं. घरमालकीणबाईंना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "बुधवारी दुपारी समाजमंदिरात बायका गोधड्या शिवतात. जाऊन बस की तिथं."

गोधडी मला येत होती. आईच्या मांडीला मांडी लावून शिकले होते. सगळ्या जगात मला धडपणे येणारी ती एकच गोष्ट, म्हणून धीर करून गेले.

मोठ्या सतरंजीवर गोधडी पसरलेली आणि चारी बाजूंनी बायका. मी दारातच थांबले.

"कोण गं तू?" सायखेड्याच्या वहिनींनी विचारलं. त्यांचं घर मूळचं सायखेड्याचं, म्हणून सगळ्या त्यांना तसंच म्हणायच्या.

"मागच्या गल्लीत राहते. गोधडी शिवाले येऊन राहिली."

"काय करून राहिली?" वहिनी म्हणाल्या, आणि असा हशा उठला की माझे कान तापले.

आक्का हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. एकदा वर बघितलं आणि "हं" म्हणून मान खाली घातली. शिवताना त्या दोऱ्याचं टोक ओठांत धरायच्या, त्यामुळे तासन्‌तास त्यांच्या तोंडून "हं"शिवाय काही निघायचं नाही. हे मला फार पुढे कळलं. त्या दिवशी मी एवढंच समजले की या बाईंना मी नको आहे.

त्यात माझा हात डावा. उजव्या हाताने शिवणारी बाई उजवीकडून डावीकडे जाते. गोधडीच्या कडेने एक ओळ झाली की आत दुसरी, मग तिच्या आत तिसरी. सगळ्या जणी शिवत शिवत एकाच दिशेने सरकतात, देवाला प्रदक्षिणा घालावी तशा. मी निघाले डावीकडून उजवीकडे. वीतभर शिवून होईपर्यंत माझा गुडघा वहिनींच्या गुडघ्यावर आपटला, कोपर त्यांच्या दंडात बसलं आणि त्यांची सुई त्यांच्याच बोटात गेली.

"अगं बाई, ही उलटीच येते!" वहिनी बोट चोखत म्हणाल्या. "तू असं कर, आपली सुया ओवून दे आम्हाला. डोळे चांगले हायेत तुझे."

तीन बुधवार मी सुया ओवल्या. भिंतीला टेकून बसायचं, सुई आली की दोरा घालायचा, परत द्यायची. कुणी वाईट वागलं असं नाही. चहाचा कप वेळेवर यायचा. पण चहा ओतणारी सुद्धा माझ्याकडे बघून "पाहुण्यांना द्या" म्हणायची.

"मग नको जाऊस," हे म्हणाले.

"नको कशी? तिथं माणसांचे आवाज तरी ऐकू येतात."

मग मला एक युक्ती सुचली. ह्यांचा जुना शर्ट काढला आणि रोज दुपारी उजव्या हाताने शिवायला शिकू लागले. बोटांची चाळण झाली. हे घरी आले की मी शर्ट पुढे करायचे.

"हे काय? मुंग्यांची रांग?"

"सरळ आहे का?"

"मुंग्या प्यायलेल्या दिसतात."

चौथ्या बुधवारी गटात धावपळ होती. वहिनींना पहिला नातू झाला होता, आठवड्यावर बारसं आणि पाळण्यातली गोधडी निम्मीही झालेली नव्हती. वहिनी स्वतःच म्हणाल्या, "बस बाई तू पण. हात कमी पडतायत." मी बसले, सुई उजव्या हातात घेतली आणि सगळ्यांबरोबर डावीकडे सरकत गेले. कुणालाही गुडघा लागला नाही. "शिकली की!" कुणीतरी म्हणालं. खरं सांगते, शाळेत सुद्धा मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मला वाटलं, झालं, मिळाली जागा.

चहाच्या आधी आक्कांचा तळहात फिरायला लागला. घाई ओळखली, पाहुणे ओळखले. मग हात थांबला. मागे गेला, परत थांबला. आक्कांनी डोळे उघडले.

"हा कोणाचा हात?"

या वेळी त्या खरंच विचारत होत्या.

"माझा आहे, आक्का."

त्यांनी मान हलवली. "तुझा नाय. तुझा वीतभर पाह्यलाय मी पहिल्या दिवशी. तांदळाच्या कणीएवढा टाका होता. हा कोणाचा उसना आणला?"

महिन्याभरात एवढं लांब वाक्य त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या होत्या. माझा बांध फुटला. गावाकडची बोली आपोआप तोंडात आली. "सगळ्यायले धक्का लागते म्हणून उजव्या हातानं शिकली, आक्का. मले इथं बसाचं होतं."

या वेळी माझ्या बोलण्याला कुणी हसलं नाही.

"मग डाव्यानं शिव," आक्का म्हणाल्या. "जागा आपण करू."

"आक्का, पण..." वहिनी चाचरल्या. "बारशाची गोधडी हाय. सगळं कसं प्रदक्षिणेसारखं चाललंय आणि ही उलटी फिरणार. लेकराच्या अंगाखाली उलटी प्रदक्षिणा बरी का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. पहिला नातू. त्यांच्या जागी मी असते तर मलाही भीती वाटली असती. मी उठायच्याच बेतात होते.

आक्कांनी विचारलं, "सोमवारी महादेवाला जातेस ना तू?"

"जाते."

"तिथं कशी फिरतेस?"

"पन्हळीपर्यंत जायचं..."

"आणि?"

"आणि... मागं यायचं."

"म्हणजे उलटं?"

"उलटं," वहिनी बारीक आवाजात म्हणाल्या.

"महादेवाला चालतं आणि तुझ्या नातवाला नाय चालत व्हय? नाव ठेवायच्या आधीच लय मोठा झाला बाई तुझा नातू!"

सगळ्यात आधी वहिनीच हसल्या. हसता हसता त्यांनी कात्री उचलली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "आण, उसवू दोघी." आम्ही माझी प्यायलेली ओळ उसवायला घेतली. मी अजून मुसमुसत होते तर आक्का म्हणाल्या, "उसवताना रडायचं नाय. कापड ओलं झालं की सुई रुसते."

मग जी उठाबस झाली ती बघायला तुम्ही हवे होता. आक्कांनी एक अख्खी बाजू रिकामी करायला लावली. उरलेल्या तीन बाजूंना बायका दाटीवाटीने बसल्या. "माझा पाय!" "अगं, तो माझा पाय हाय!" रिकाम्या बाजूच्या डाव्या टोकाला मी, उजव्या टोकाला आक्का. एकच ओळ. ती मी माझ्या टोकापासून शिवत यायचं, त्यांनी त्यांच्या टोकापासून. "मधे भेटू," त्या म्हणाल्या आणि दोरा ओठांत धरला.

मी अशी शिवत सुटले की मधली खूण ओलांडून चार बोटं पुढे गेले.

"हं!" आक्का म्हणाल्या. मग दोरा काढून, "चोरटी हाय ही. माझ्या वाटणीचं शिवते."

बारशाला वहिनींनी येणाऱ्या प्रत्येक बाईला गोधडीची ती कड दाखवली. "ही बाजू बघा. कुठं भेटल्या दोघी, ओळखून दाखवा." आणि बाळाला पाळण्याच्या खालून-वरून द्यायची वेळ आली तेव्हा पलीकडे उभं राहून घ्यायला त्यांनी मला हाक मारली. नाशकात माझं नात्याचं कुणी नव्हतं. बाळ हातात आलं तसं मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "पाडू नको गं," वहिनी म्हणाल्या, "आत्ताच महादेवाच्या रांगेत बसवलाय."

पुढे माझ्या बोलीने सगळ्यांना लागण केली. आक्का सुद्धा ओरडायच्या, "काहून गं, चहा काहून नाय आला अजून?" इतका खोटा उच्चार की मी पोट धरून हसायचे. एकदा माझ्या ओळीवर त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "आज हिला माहेरची आठवण येतेय."

"कशावरून?"

"टाके बघ किती लांब पडलेत. निघाले भंडाऱ्याला."

आणि त्यांनी माझ्या हातून सुई काढून घेतली, "आधी फोन कर आईला" म्हणाल्या. आई फोनवर रडली, मी रडले, आणि आक्का मधेच फोन ओढून आईला सांगू लागल्या, "पोरगी इथं हाय, माझ्यापुढ्यात हाय. जेवते चांगली." आईला त्यांची भाषा निम्मी कळली असेल. ती तेव्हापासून दर फोनला आधी आक्कांना विचारते आणि मग जावयाला.

गेल्या हिवाळ्यात आक्कांचे गुडघे फारच धरले. मुलगा मनमाडला रेल्वेत आहे, तो त्यांना घेऊन जायला आला. बुधवार नव्हता, तरी आम्ही सगळ्या त्यांच्या दारात जमलो. आक्का गाडीत बसल्या, गाठोडं मांडीवर. मला काचेपाशी बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगतील.

"बुधवारी उशीर करत जाऊ नको," त्या म्हणाल्या. "या वाट बघत बसतात तुझी."

"आम्ही नाय बाई बघत," वहिनी माझ्या मागून म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

गाडी कोपऱ्यावरून वळली तरी आम्ही आठजणी गल्लीच्या मधोमध तशाच उभ्या. मागे एक रिक्षावाला कधीचा हॉर्न वाजवत होता. शेवटी त्याने डोकं बाहेर काढलं. "ओ मावशी, रस्ता तुमचा हे का?"

"आमचाच हाय!" आम्ही ओरडलो, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता.